रान राखणारा शिकारी : थिओडोर रूझवेल्ट

रूझवेल्ट हे नाव ऐकले की आपल्यातील वडीलधाऱ्यांना दुसऱ्या महायुद्धातील फ्रँकलिन रूझवेल्ट आठवतात. आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे ते त्यांच्या आधीचे आणि त्यांच्या दूरच्या नात्यातले थिओडोर रूझवेल्ट. १९०१ ते १९०९ या काळात ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. आपल्या घरातील लहान मुले ज्या मऊ अस्वलाला कुशीत घेऊन झोपतात, त्या टेडी बेअरला नाव मिळाले ते यांच्यावरूनच. जंगले आणि वन्यप्राणी राखण्यासाठी त्यांनी जेवढे केले तेवढे फार थोड्या राज्यकर्त्यांनी केले असेल. याच माणसाने हौसेने इतकी जनावरे मारली की आकडे वाचून आपण थबकतो. आणि सत्ता गेल्यावर, वयाच्या ५५ व्या वर्षी, ब्राझीलच्या जंगलात नकाशावर नसलेल्या एका नदीवर ते मरता मरता वाचले. त्या प्रवासाची मूळ कल्पना एका कॅथोलिक धर्मगुरूची होती. त्या फादरांविषयीही पुढे सांगायचे आहे.

थिओडोर यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधील एका सधन कुटुंबात झाला. लहानपणी त्यांना दम्याचा भयंकर त्रास होता. रात्री श्वास कोंडला की वडील त्यांना उचलून घोडागाडीत घालत आणि मोकळी हवा मिळावी म्हणून शहराच्या रस्त्यांवरून गाडी पिटाळत. घरात पडून राहावे लागणाऱ्या या मुलाला प्राणी-पक्ष्यांचे वेड लागले. एकदा बाजारात मांडलेला मेलेला सील मासेमारांकडे दिसला, तर त्याची कवटी मिळवून पोराने घरातच संग्रहालय थाटले. उंदीर, साप, पक्षी यांनी त्याची खोली भरून गेली. त्या काळी पक्ष्याचा अभ्यास करायचा म्हणजे तो मारून, पेंढा भरून पाहायचा, अशीच रीत होती. प्रेम करणे आणि मारणे या दोन गोष्टी त्यांच्या मनात बालपणापासून अशा शेजारी शेजारी राहिल्या. त्यांचे पुढचे आयुष्य समजून घेताना हे लक्षात ठेवलेले बरे.

शरीर कमावून, हार्वर्डमध्ये शिकून ते तरुणपणीच राजकारणात शिरले. १४ फेब्रुवारी १८८४ या दिवशी त्यांच्या घरावर आभाळ कोसळले. पहाटे आई विषमज्वराने गेली आणि त्याच दिवशी, त्याच घरात, दोन दिवसांपूर्वी बाळंत झालेली पत्नी ॲलिस मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. तान्ह्या मुलीला बहिणीकडे सोपवून रूझवेल्ट पश्चिमेकडील डाकोटाच्या ओसाड माळरानावर गुरे पाळायला निघून गेले. दुःखाला त्यांच्याकडे एकच उत्तर होते, शरीराला झेपेल त्याहून कठीण काम अंगावर घेणे. पुढे ब्राझीलच्या नदीवर ते का गेले, याचेही उत्तर बहुधा इथेच आहे.

डाकोटात त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. आपल्या गव्याच्या जातकुळीतला बायसन हा भलादांडगा प्राणी तिथे एकेकाळी लाखोंच्या कळपांनी चरत असे. कातड्यासाठी आणि मौजेसाठी त्याची अशी कत्तल झाली की काही वर्षांत माळ रिकामे पडले. १८८३ मध्ये रूझवेल्ट स्वतः तिथे पहिल्यांदा गेले होते ते बायसनची शिकार करायलाच, आणि एक मिळवायला त्यांना कितीतरी दिवस वणवण करावी लागली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात हिमवादळांनी त्यांची निम्म्याहून अधिक गुरे मारली. माळावर गवत पेलेल त्याहून जास्त जनावरे सोडली की काय होते हे त्यांना त्या हिवाळ्याने शिकवले. १८८७ मध्ये त्यांनी मित्रांसह शिकाऱ्यांचीच एक संस्था काढली आणि तिच्यामार्फत वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी कायदे व्हावेत म्हणून खटपट सुरू केली.

सप्टेंबर १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांच्यावर गोळी झाडली गेली. त्यांची प्रकृती ढासळल्याचा निरोप आला तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट एका डोंगरावर चढाई करत होते. रात्रभर घोडागाडीने चिखलाचा डोंगरी रस्ता तुडवून ते रेल्वे स्थानकावर पोहोचले, तेव्हा मॅकिन्ले वारल्याची तार तिथे आलेली होती. वयाच्या ४२ व्या वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले. इतक्या कमी वयात अमेरिकेत त्या पदावर कोणी बसले नव्हते.

टेडी बेअरची गोष्ट १९०२ ची. मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले असता राष्ट्राध्यक्षांना अस्वल सापडेना, म्हणून वाटाड्याने एक अस्वल कुत्र्यांच्या मदतीने जेरीस आणून झाडाला बांधून ठेवले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्ट यांनी नकार दिला. वृत्तपत्रात त्याचे व्यंगचित्र आले, न्यूयॉर्कमधील एका दुकानदार दांपत्याने त्यावरून खेळण्यातले अस्वल बनवले आणि ते जगभर गेले. गोष्टीचा शेवट मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते अस्वल फार जखमी झाले होते. त्याचे हाल थांबवा असे रूझवेल्ट यांनीच सांगितले आणि ते सुरीने मारण्यात आले.

त्यांच्या कारकिर्दीत काय काय राखले गेले याची यादी लांबलचक आहे. १४ मार्च १९०३ रोजी त्यांनी फ्लोरिडातील पेलिकन बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले. बायकांच्या टोप्यांवर पिसे लावण्याची फॅशन होती आणि त्यापायी पाणपक्ष्यांची घरटीच्या घरटी उजाड होत होती. अशी पक्ष्यांची ५१ ठिकाणे, पाच राष्ट्रीय उद्याने आणि १५० राष्ट्रीय वने त्यांनी निर्माण केली. सगळे मिळून सुमारे २३ कोटी एकर क्षेत्र. आपल्या महाराष्ट्राचे एकूण क्षेत्र साधारण साडेसात कोटी एकर आहे, म्हणजे तीन महाराष्ट्र मावतील एवढे रान या एका माणसाच्या सहीने राखले गेले. १९०७ मध्ये लाकूड कंपन्यांच्या बाजूच्या लोकप्रतिनिधींनी वायव्येकडील सहा राज्यांत नवी राखीव वने करण्याचा त्यांचा अधिकार काढून घेणारे कलम मंजूर केले. त्या कागदावर सही करण्याआधीच्या मोजक्या दिवसांत रूझवेल्ट आणि त्यांचे वनप्रमुख गिफर्ड पिंचो यांनी नकाशे पसरून दिवसरात्र काम केले, दीड कोटी एकरांहून अधिक जंगल राखीव म्हणून जाहीर केले आणि मग शांतपणे सही केली. विरोधक संतापले. आपल्याला मात्र वाचताना हसू येते.

पण बंधुभगिनींनो, राखीव झालेली ही जमीन रिकामी होती का? नव्हती. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मूळनिवासी जमाती राहत होत्या, शिकार करत होत्या, कंदमुळे गोळा करत होत्या. १९०८ मध्ये बायसनला जगवण्यासाठी माँटाना राज्यात एक मोठे कुरण राखण्यात आले. काम पुण्याचेच, पण ते कुरण फ्लॅटहेड या आदिवासी राखीव प्रदेशातून, तिथल्या सेलिश व कूटनाई लोकांची संमती न घेता काढून घेतले होते. मूळनिवाशांविषयी तरुण रूझवेल्ट यांनी जाहीर भाषणात इतके क्रूर उद्गार काढले होते की ते इथे छापू नयेत असेच वाटते. अमेरिकेची जमीन गोऱ्यांच्या हाती गेली हे जगाच्या भल्याचेच झाले, अशी त्यांची ठाम समजूत होती. १९०१ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय नेत्याला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी जेवायला बोलावून त्यांनी दक्षिणेतल्या गोऱ्यांचा रोष ओढवून घेतला. त्याच रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये ब्राउन्सव्हिल गावातील गोळीबाराबद्दल १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना कोणतीही सुनावणी न देता सैन्यातून काढून टाकले. ते निर्दोष होते हे सरकारने मान्य केले १९७२ मध्ये, बहुतेक सगळे मरून गेल्यावर. आणि ज्या वर्षी हे घडले त्याच वर्षी रशिया-जपान युद्ध मिटवल्याबद्दल त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रान कोणाचे, हा प्रश्न आपल्या शिरूर-दौंड भागाला काही परका नाही. भीमेपलीकडच्या श्रीगोंदा-कर्जत भागात आपले कितीतरी सोयरे आहेत. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, या जिल्ह्यांतील ८,००० चौरस किलोमीटरहून मोठे क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यात लोकांची घरे, शेते, गावेच्या गावे आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, माळढोक हे नाव काढले की शेतकरी चिडू लागला, आणि पुढे अभयारण्य बरेच लहान करावे लागले. माळढोक आता तिथे क्वचितच दिसतो. शेतकऱ्यालाही समाधान नाही आणि पक्षीही हाती लागला नाही. उलट सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, पण चिंकारा तिथे टिकून आहेत. शिरूरच्या उसातल्या बिबट्याबद्दल तर सांगायलाच नको. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड भागात लेकरे आणि म्हातारी माणसे बळी पडली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. ज्याचे मूल गेले त्याला वन्यजीव रक्षणाचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगायचे? रूझवेल्ट यांना असा प्रश्न कधी पडला असेल असे वाटत नाही. त्यांच्या नकाशावर रान होते, रानात राहणारा माणूस फारसा नव्हता. ते जीवन त्यांनी जवळून पाहिले ते आयुष्याच्या अखेरीस, आणि तेही स्वतः उपाशी असताना.

१९०९ मध्ये पद सोडल्यावर ते मुलगा कर्मिट याला घेऊन वर्षभर आफ्रिकेत शिकारीला गेले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेसाठी नमुने गोळा करणे हा मोहिमेचा हेतू. मोहिमेने ११,००० हून अधिक नमुने आणले. त्यात बापलेकांनी मिळून मारलेले ५१२ मोठे प्राणी होते. १७ सिंह, ११ हत्ती, २० गेंडे. विज्ञानासाठी हे हवेच होते असे ते म्हणत. त्यातले पांढरे गेंडे तेव्हाही दुर्मीळ होते, हे त्यांना ठाऊक होते. या ठिकाणी त्यांची बाजू घेणे आम्हाला जमत नाही.

१९१२ मध्ये त्यांनी जुना पक्ष सोडून नव्या पक्षातर्फे पुन्हा निवडणूक लढवली. प्रचारात एकाने त्यांच्या छातीवर गोळी झाडली, ती शरीरात असतानाच त्यांनी तासाभराहून अधिक भाषण केले, आणि तरीही निवडणूक हरले. जुने मित्र दुरावले होते. घरात पाहुण्यांची वर्दळ थांबली. आता काय, असा प्रश्न पडलेल्या या माणसाला दक्षिण अमेरिकेतून व्याख्यानांचे निमंत्रण आले, आणि त्याच सुमारास भेटले फादर झाम.

फादर जॉन ऑगस्टिन झाम हे होली क्रॉस संघाचे धर्मगुरू. १८५१ चा जन्म, नोटर डेम विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. उत्क्रांतीचा विचार आणि आपली श्रद्धा यांत विरोध नाही असे मांडणारा ग्रंथ त्यांनी १८९६ मध्ये लिहिला. रोममध्ये त्याविरुद्ध तक्रारी गेल्या. १८९८ मध्ये संबंधित मंडळाने ग्रंथावर बंदीचा निर्णय घेतला. तो जाहीर झाला नाही, पण फादरांनी ग्रंथ मागे घेतला. मग ते प्रवासाकडे वळले. दक्षिण अमेरिकेवर त्यांनी पुस्तके लिहिली. रूझवेल्ट यांच्याशी त्यांची जुनी ओळख होती आणि नद्यांमधून आपण दोघांनी मिळून प्रवास करावा हे त्यांनी पूर्वीच सुचवले होते. त्यांनी आखलेला मार्ग तसा माहितीचा आणि सोपा होता. सामानाची व्यवस्थाही त्यांनीच दुसऱ्यावर सोपवली आणि ती फार वाईट झाली.

४ ऑक्टोबर १९१३ रोजी मंडळी जहाजावर चढली. रिओ दि जानेरोला पोहोचताच ब्राझीलच्या परराष्ट्रमंत्र्यांनी वेगळीच गोष्ट सुचवली. कर्नल कांदिदो रोंदोन यांना १९०९ मध्ये तारायंत्राची लाइन टाकताना एका अज्ञात नदीचा उगम सापडला होता. ती कुठे जाते, कुठल्या नदीला मिळते, कोणालाच माहीत नव्हते. म्हणून रोंदोन यांनी तिचे नावच संशयाची नदी असे ठेवले होते. आपली घोडनदी कुठून निघते आणि भीमेला कुठे मिळते हे शाळकरी पोरगेही सांगेल. तिथे मात्र होडी पाण्यात ढकलायची आणि पाणी नेईल तिकडे जायचे, असा मामला होता. रूझवेल्ट तत्काळ तयार झाले. सोबत नेमलेला माणूस होता खुद्द रोंदोन.

रोंदोन यांची ओळख करून दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १८६५ चा जन्म, लहानपणीच पोरके झालेले, आईकडून बोरोरो या आदिवासी जमातीचे रक्त अंगात असलेले. सैन्यात इंजिनिअर झाले, हजारो किलोमीटर जंगलातून तारेचे खांब पुरत गेले. १९१० मध्ये आदिवासींच्या रक्षणासाठी ब्राझील सरकारने खाते काढले त्याचे ते पहिले प्रमुख. त्यांचा आपल्या माणसांना दंडक असा, की आदिवासींनी बाण मारले तरी उलट मारायचे नाही, वेळ पडली तर मरायचे. हा दंडक ते स्वतः पाळत आणि त्यांची माणसे खरोखर मेलीही.

जानेवारी १९१४ मध्ये खेचरे आणि बैलांवर सामान लादून तांडा उगमाकडे निघाला. वाटेत कितीतरी जनावरे पडली, खोकीच्या खोकी मागे टाकावी लागली, अवजड मोटारहोड्याही सोडाव्या लागल्या. फादर झाम तेव्हा ६२ वर्षांचे होते, थकले होते. त्यांनी सुचवले की आपल्याला खुर्चीत बसवून आदिवासींनी खांद्यावरून न्यावे. धर्मगुरूला असे वाहून नेण्याचा तिकडे रिवाज आहे, हे त्यांचे म्हणणे. रोंदोन यांनी साफ नकार दिला. रूझवेल्ट यांनीही मग वेळ दवडला नाही. फादरांनी परत जावे असा कागद तयार केला, सर्वांच्या सह्या घेतल्या आणि त्यांना माघारी पाठवले. ज्यांनी मोहिमेचे स्वप्न पाहिले त्यांना ती नदी दिसलीच नाही. फादर झाम विद्वान होते, श्रद्धावान होते, धाडसीही होते. पण त्या क्षणी आदिवासींची बाजू घेतली ती धर्मगुरूने नव्हे, तर रोंदोन यांनी, आणि रोंदोन यांनी ख्रिस्तसभेचा मार्ग सोडून दुसरा तात्त्विक पंथ स्वीकारलेला होता. हे वाचताना आपल्याला थोडे अवघडल्यासारखे होते, आणि व्हावेच.

२७ फेब्रुवारी १९१४ रोजी सात होड्या नदीत सुटल्या. प्रत्येक होडी एकेका झाडाच्या खोडातून कोरलेली, जड आणि पाण्याबरोबर उंची साधणारी. एकूण माणसे २२. रूझवेल्ट, कर्मिट आणि पक्षितज्ज्ञ चेरी हे तीन अमेरिकन, रोंदोन, त्यांचे साहाय्यक लिरा, डॉक्टर काजाझेरा, आणि १६ ब्राझिलियन नावाडी-मजूर. रोंदोन यांना नदीचा नकाशा बिनचूक हवा होता. त्यामुळे पहिल्या दिवशी कर्मिटला खूण धरण्यासाठी जवळजवळ शंभर वेळा काठावर उतरावे लागले आणि दिवसभरात जेमतेम नऊ किलोमीटर अंतर कापले गेले.

काही दिवसांतच नदीने रूप बदलले. खडकांतून फेसाळणारे उतार एकामागून एक लागू लागले. प्रत्येक ठिकाणी होड्या रिकाम्या करायच्या, जंगल तोडून वाट करायची, ओंडके आडवे टाकून त्यावरून होड्या ओढायच्या, पुन्हा भरायच्या. की पुढच्या वळणावर तोच आवाज. एका रात्री पाणी वाढून दोन होड्या फुटल्या. थांबून नवी कोरावी लागली, आणि अन्न तर रोज संपत होते. १५ मार्चला कर्मिटची होडी उतारात ओढली गेली. कर्मिट कसाबसा वर आला. त्याच्या होडीतला सिंप्लिसिओ नावाचा मजूर बुडाला, त्याचे शवही मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी रोंदोन यांचा कुत्रा लोबो बाणांनी मारला गेला. काठावरच्या झाडांआडून सिंटा लार्गा जमातीचे लोक या परक्यांना पाहत होते. रोंदोन यांनी काय केले? कुत्र्याच्या मृत्यूच्या जागी भेटवस्तू ठेवल्या आणि पुढे निघाले. मनात आणले असते तर त्या जमातीने सगळ्यांना संपवले असते. त्यांनी तसे केले नाही. अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षाचा जीव त्या दिवसांत त्यांच्या हाती होता, आणि ज्यांना तो रानटी म्हणत आला होता त्यांनीच तो राखला.

मार्चच्या अखेरीस दोन होड्या खडकांत अडकल्या. त्या सोडवायला रूझवेल्ट स्वतः पाण्यात उतरले आणि खडकावर घसरून त्यांची मांडीखालची नडगी फाटली. जुन्या अपघातात अधू झालेला तोच पाय. जखम चिघळली, त्यात हिवताप चढला, ताप ४० अंशांच्या वर गेला. पुढे दरी इतकी अरुंद होती की होड्या सोडून पायी जावे असे रोंदोन यांचे मत पडले. चालता न येणाऱ्या माणसाला पायी जाणे म्हणजे मरणच. रूझवेल्ट यांच्याजवळ अशा वेळेसाठी ठेवलेली मॉर्फीनची कुपी होती. मला इथे सोडा, तुम्ही पुढे व्हा, असे त्यांनी मुलाला आणि चेरी यांना सांगितले. कर्मिटने ऐकले नाही. बाप जिवंत असो वा मेलेला, हा पोरगा त्याला घेतल्याशिवाय जाणार नाही हे रूझवेल्ट यांच्या लक्षात आले. आपण मेलो तर आपले ओझे सर्वांना बुडवील, म्हणून जगायचे ठरवले. कर्मिट आणि लिरा यांनी रिकाम्या होड्या दोरांनी बांधून एकेक करत त्या दरीतून खाली सोडल्या. त्याला कित्येक दिवस लागले. कमजोर झालेले रूझवेल्ट आपल्या वाटचे अन्न नावाड्यांना देऊ पाहत. जीवन म्हणजे बलवानांचाच खेळ असे आयुष्यभर सांगणारा माणूस आता इतरांनी उचलून नेण्यावर जगत होता.

उपासमारीने माणसांचीही परीक्षा पाहिली. ३ एप्रिलला हूलिओ नावाच्या मजुराने अन्नचोरीवरून बोलणाऱ्या पायशाँ या प्रामाणिक हवालदाराला गोळी घातली आणि तो जंगलात पळाला. सुऱ्यांनी आणि हातांनी खड्डा खणून पायशाँला पुरले, वर ओबडधोबड क्रूस उभा केला. काही दिवसांनी हूलिओ काठावर दिसला, मला घ्या म्हणून विनवू लागला. होड्या थांबल्या नाहीत. नंतर रोंदोन यांनी त्याला शोधायला माणसे पाठवली, कायद्यापुढे नेण्यासाठी. तो सापडला नाही. त्याला न घेणे बरोबर होते की चूक, हे आपण जेवून-खाऊन घरात बसून ठरवू नये.

डॉक्टरांनी नदीकाठीच, भूल न देता, रूझवेल्ट यांच्या पायातला पू काढला. १५ एप्रिलला एका खांबावर कोरलेली अक्षरे दिसली. रबर गोळा करणाऱ्या कोणाची तरी ती हद्द होती. माणसांच्या वस्तीत आलो, हे कळताच सगळ्यांचे डोळे भरून आले. २६ एप्रिल १९१४ ला मदतीची तुकडी भेटली. निघालेल्या २२ पैकी १९ उरले होते. रूझवेल्ट यांचे वजन जवळजवळ २५ किलोंनी घटले होते. ब्राझील सरकारने नदीला त्यांचे नाव दिले होते. घरी परतल्यावर काही भूगोलतज्ज्ञांनी अशी नदी असूच शकत नाही असे म्हटले, तेव्हा काठी टेकत जाऊन त्यांनी वॉशिंग्टन आणि लंडन येथे नकाशासह व्याख्याने दिली. १९२७ मध्ये दुसऱ्या मोहिमेने त्यांचे म्हणणे खरे ठरवले.

प्रकृती मात्र पुन्हा धड झाली नाही. १९१८ च्या जुलैमध्ये धाकटा मुलगा क्वेंटिन फ्रान्सच्या आकाशात विमान पडून गेला. युद्धाचे गोडवे गाणाऱ्या बापाला तो घाव सोसला नाही. ६ जानेवारी १९१९ रोजी झोपेतच ते वारले, वयाच्या ६० व्या वर्षी. ज्याने बापाला नदीतून ओढून आणले तो कर्मिट पुढे दारू आणि खिन्नता यांत बुडाला आणि १९४३ मध्ये त्याने आत्महत्या केली. फादर झाम १९२१ मध्ये प्रवासातच म्युनिक येथे वारले. रोंदोन १९५८ पर्यंत जगले. ब्राझीलमधील एका राज्याला त्यांचे नाव आहे.

त्या नदीकाठच्या सिंटा लार्गांचे काय झाले? १९६३ मध्ये रबराच्या जमिनीसाठी त्यांच्या एका वस्तीची निर्घृण कत्तल झाली. पुढे त्यांच्यासाठी राखीव प्रदेश ठरला, त्यालाही रूझवेल्ट हेच नाव. तिथे हिरे सापडले आणि खाणमाफियांची रीघ लागली. २००४ मध्ये घुसखोरी करणारे २९ हिरेशोधक त्या जमातीच्या लोकांनी मारले. झाडांआडून पाहत राहून पाहुण्यांना जाऊ देणाऱ्यांची ही नातवंडे-पतवंडे.

न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या संस्थापकांत रूझवेल्ट यांचे वडील होते. त्या संग्रहालयासमोर १९४० पासून रूझवेल्ट यांचा घोड्यावर बसलेला पुतळा होता. त्यांच्या दोन बाजूंना एक मूळनिवासी आणि एक आफ्रिकी माणूस पायी चालताना दाखवला होता. अनेक वर्षे लोक विचारत होते, एक घोड्यावर आणि दोघे पायी का? जानेवारी २०२२ मध्ये तो पुतळा तिथून काढून नेण्यात आला. आणि माँटानातील बायसनचे जे कुरण १९०८ मध्ये रूझवेल्ट यांच्या सहीने सेलिश व कूटनाई लोकांकडून गेले होते, ते डिसेंबर २०२० च्या कायद्याने त्यांना परत मिळाले. जानेवारी २०२२ पासून त्याची राखण तेच करत आहेत. रूझवेल्ट यांनी वाचवलेला बायसन आजही तिथे चरतो.